सोलापुरात बसून थ्रिलर: बॅनरचं नाव, लोगो आणि डिस्ट्रिब्युटर

पिक्चर अजून एडिटवरच आहे आणि आमच्यात भांडण कशावरनं चाललंय, तर बॅनरच्या लोगोत रक्ताचा थेंब पाहिजे का नको यावरनं. दिग्दर्शक म्हणजे माझा धाकटा दीर (माझ्या लग्नात तो नववीत होता, त्यामुळं भावजी वगैरे भानगड नाही, सरळ अरे-तुरे), कॅमेरावाला त्याचा कॉलेजचा मित्र, एडिटर पुण्यात बसतो, आणि कागदपत्रं सगळी माझ्याकडं. मी काय पिक्चर लाइनमधली नव्हे. आमचं टॉवेलचं युनिट आहे अक्कलकोट रोड एमआयडीसीत, तिथं एक्सपोर्टची कागदं मी बघते, आणि त्या कामानं एक खोड लागलीय, समोरचा माणूस काय बोलतोय ते नंतर ऐकायचं, आधी खाली बारीक टायपात काय छापलंय ते वाचायचं. म्हणून बॅनरचं नाव आणि डिस्ट्रिब्युटर ही दोन्ही खाती माझ्या अंगावर आली. मधे ओळखीतल्या काही जणांनी विचारलं, ताई सोलापुरात बसून हे सगळं कसं करायलाय ओ, म्हणून लिहायलेय. लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी नाव. थ्रिलर काढणारा कुणीही नवखा माणूस घ्या, त्याच्या डोक्यात पहिली नावं कुठली येतात, तर ब्लॅक अमुक, डार्क तमुक, शॅडो, रेड, क्राइम, मिडनाइट. आमच्या दिराची यादी पण हीच होती. मी त्याला ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साइटवर बसवलं, तिथं सर्च सगळ्यांना फुकट खुला आहे, क्लास 41 टाकायचा, मनोरंजन आणि चित्रपटनिर्मिती त्यात येते, आणि एकेक शब्द टाकून बघ म्हटलं. रांगाच्या रांगा आल्या. अर्धे अर्ज मेलेले, काही ऑब्जेक्शनमध्ये अडकलेले, काही नोंदलेले. म्हणजे अंधार, सावली, रक्त हे सगळं आधीच वाटून झालेलं आहे मालक, आपल्या वाट्याला काही उरलेलं नाही.

पण माझी खरी हरकत वेगळीच होती. हा पिक्चर थ्रिलर आहे, बॅनर थ्रिलर नाही. उद्या यालाच वाटलं की आजीवर पिक्चर काढावा, नाहीतर लहान पोरांचा काढावा, तर सुरुवातीला पडद्यावर 'मिडनाइट मर्डर प्रॉडक्शन्स' येणार काय? जुनी माणसं बघा ना. प्रभात फिल्म कंपनी 1929 ला कोल्हापुरात निघाली, पुढं पुण्याला गेली, संतांचे पिक्चर काढले, सामाजिक काढले, पण सगळ्याच्या आधी तीच तुतारी वाजवणारी बाई. व्ही. शांतारामांनी 1942 ला स्वतःचं काढलं तर आईवडलांच्या नावावरनं, राजाराम आणि कमला, राजकमल कलामंदिर. लांब कशाला, आपल्याच जिल्ह्यातलं जेऊर, करमाळा तालुक्यातलं, तिथले नागराज मंजुळे, त्यांचं बॅनर आटपाट. आता यातल्या एकातरी नावावरनं कळतंय का की आत प्रेमकथा आहे का मारामारी? नाही ना, आणि तेच बरं आहे, कुठलाही पिक्चर त्या नावाखाली बसतो.

आमचं नाव मी इथं सांगत नाही, ट्रेडमार्कचा अर्ज गेलाय, नोंदणी झाल्याशिवाय बोलणार नाही. एवढंच सांगते की घरातलं नाव आहे, तीन अक्षरी आहे, आणि मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही माणसांना उच्चारता येतंय. ही अट मीच घातली होती. सोलापुरात राहून ही अट नाही घालायची तर कुठं घालायची, एका गल्लीत तीन भाषा चालतात, पूर्व भागात तर दुकानदार तेलुगूत हिशोब करतो आणि मराठीत पैसे मागतो. जोडाक्षरवाली दोन नावं त्यातच गळाली. आणि फोनवर सांगून बघायचं, हे लई कामाचं आहे. बँकेत, लॅबमध्ये, हॉटेलच्या बुकिंगला फोनवर नाव सांगितलं आणि समोरच्यानं दोनदा 'काय काय?' विचारलं की ते नाव सोडून द्यायचं.

नोंदणीचं थोडक्यात सांगते कारण यात रस कुणाला नसतो पण अडकतात सगळे इथंच. कंपनी नाहीतर एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) काढताना केंद्राच्या कंपनी खात्याच्या पोर्टलवर नाव मिळालं म्हणजे ते नाव आपलं झालं असं नाही. ती वेगळी यादी, ट्रेडमार्कची वेगळी, आणि सिनेमावाल्यांच्या संस्थांची आणखी वेगळी. मराठी पिक्चर असेल तर अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ, कोल्हापूरला मुख्य ऑफिस, तिथं बॅनर आणि पिक्चरचं टायटल दोन्ही नोंदवायचं. हिंदीसाठी मुंबईत इम्पा आहे. शिवाय यूट्यूब आणि इन्स्टाचं हँडल. चारही ठिकाणी मोकळं असलेलं नाव शोधायला गेलं की कवीसुद्धा रडकुंडीला येईल. ट्रेडमार्कची ऑनलाइन फी एका क्लासला 9,000, पण एकटा माणूस, स्टार्टअप किंवा छोटा उद्योग असेल तर 4,500, आणि छोटा उद्योग दाखवायला जे उद्यम सर्टिफिकेट लागतं ते फुकट निघतं, त्याचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका. अर्ज केला की टीएम लिहिता येतं, गोलातला आर मात्र रजिस्ट्रेशन झाल्यावरच. जर्नलमध्ये छापून आल्यावर चार महिने लोकांना हरकत घ्यायला असतात, म्हणजे ही काय आठवड्यात होणारी गोष्ट नव्हे.

आम्ही एलएलपी घेतली. दोन पार्टनर पुरतात, आणि उलाढाल 40 लाखाच्या वर किंवा भांडवल 25 लाखाच्या वर जाईपर्यंत ऑडिटची सक्ती नाही. पिक्चर म्हटल्यावर ही मर्यादा केव्हा पार होईल सांगता येत नाही ती गोष्ट वेगळी. दिराचं म्हणणं होतं की हे सगळं पिक्चर झाल्यावर करू, आत्ता तर नुसत्या नावावर काम चालतंय. पण लेखकाचा करार, संगीतकाराचा, नटांचे, लोकेशनचे, ही सगळी कागदं कुणाच्या नावानं करणार? आज तुझ्या नावानं केली आणि उद्या एलएलपी काढली, तर प्रत्येक माणसाकडं परत जाऊन हक्क एलएलपीकडं वळवल्याची सही घ्यायची, आणि तोपर्यंत ट्रेलर आलेला असतो, हिरो फोन उचलत नसतो. डिस्ट्रिब्युटर असो का ओटीटीवाले, पहिल्यांदा मागतात ती हीच साखळी, कथा कुणाची, त्यानं कुणाला दिली, तिथनं बॅनरकडं कशी आली. मधली एक कडी नसली की व्यवहार तिथंच थांबतो. म्हणून शूटिंगच्या आधी बॅनर, ही गोष्ट मी रेटून धरली.

आता लोगो, म्हणजे जिथनं भांडण सुरू झालं ते. दिराला रक्त, कॅमेरावाल्याला कंदील, आणि आमच्या सासऱ्यांना नंदीध्वज, सिद्धेश्वराच्या यात्रेत मिरवतात तो. सासऱ्यांना नाही म्हणणं जड गेलं. सिद्धेश्वर म्हणजे सोलापूरकराचा जीव आहे, पण नंदीध्वज दाखवून पुढच्या मिनिटाला पडद्यावर गळा आवळलेला माणूस दाखवायचा, हे मला तरी पटत नव्हतं, आणि ज्याला पटणार नाही असा माणूस सोलापुरात दर चौकात मिळेल. सासऱ्यांना एवढं सांगितल्यावर ते स्वतःच म्हणाले, नको गं बाई ते.

शेवटी जे ठरलं त्यात चित्र कमी आणि आवाज जास्त आहे. माग. पूर्व भागात अजून जुने यंत्रमाग चालतात, त्यांचा तो खडखडाट ज्याच्या कानात लहानपणापासून आहे त्याला कळेल मी काय म्हणतेय. काळा पडदा, नुसता धोटा (मागावर आडवा धागा नेणारा) पळतोय, खटक खटक, आणि एका क्षणी आवाज बंद, आणि त्या शांततेत नाव. आठ सेकंद. थ्रिलरच्या आधी आला तर अंगावर येतंय, आणि आजीच्या पिक्चरच्या आधी आला तर तोच आवाज घरचा वाटेल. साउंडवाला पुण्याचा, तो म्हणाला लायब्ररीत लूमचे आवाज तयार मिळतात की. म्हटलं मिळत असतील, पण आमच्या शेजारचे अण्णा शेड उघडी करून द्यायला तयार आहेत, तू माइक घेऊन ये. आला, रेकॉर्ड केलं, अण्णांकडनं एका कागदावर परवानगीची सही घेतली (हसले ते, आवाजाला पण सही लागतीय होय, म्हणाले).

लोगो करून घेताना एक-दोन तांत्रिक गोष्टी आधी सांगून ठेवाव्या लागतात, नाहीतर परत पैसे जातात. आपल्याकडं मोशन ग्राफिक्स करणारी पोरं हुशार आहेत पण त्यांचं रोजचं काम म्हणजे लग्नाचे व्हिडिओ, न्यूज चॅनेलच्या पट्ट्या, निवडणुकीचे रील. ते सवयीनं सेकंदाला 25 फ्रेमवर आणि 1920 बाय 1080 मध्ये बनवतात. थिएटरला जी फाइल जाते, डीसीपी, ती 24 फ्रेमची, स्कोपमध्ये 2048 बाय 858 आणि फ्लॅटमध्ये 1998 बाय 1080. पंचवीसचा लोगो चोविसात ओढला की हालचाल अडखळते, आणि अंधाऱ्या हॉलमध्ये ते लगेच दिसतं. स्टीरिओ आवाज पण चालत नाही, 5.1 करून घ्या. आणि अक्षरांचा फॉन्ट कुठला, त्याचं लायसन्स काय, हे विचारा. देवनागरीत मुक्त, बलू असे 'एक टाइप' नावाच्या संस्थेचे फॉन्ट ओपन लायसन्सचे आहेत, ते वापरता येतात. आम्ही अक्षरं हातानं काढून घेतली, एका रिटायर्ड बोर्ड पेंटरकडनं, आणि खरं सांगू का, सगळ्या खर्चात तो खर्च मला सगळ्यात कमी टोचला. काढून झाल्यावर तो लोगो फोनवर नखाएवढा करून बघायचा, कारण पोस्टरच्या खालच्या पट्टीत तो तेवढाच दिसणार आहे.

त्या पट्टीवरनंच डिस्ट्रिब्युटरकडं वळते, कारण ओळख आणि वितरण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत असं मला सुरुवातीला सगळ्यांनी सांगितलं, आणि मीटिंगा सुरू झाल्या तसं दिसलं की पहिली ओढाताण ओळखीवरच होते. डिस्ट्रिब्युटर म्हणतो, 'प्रस्तुत' आमचं लिहा. म्हणजे पडद्यावर पहिला लोगो त्यांचा, पोस्टरवर सगळ्यात वर नाव त्यांचं, मग आमचं. ज्यानं पैसे घातले त्यानं प्रस्तुत लिहावं, माझी काही हरकत नाही. पण नुसतं कमिशनवर पिक्चर लावणाऱ्यानं 'प्रस्तुत' मागितलं तर मी देणार नाही, 'वितरण' असं लिहू, अक्षर पाहिजे तेवढं मोठं करू. ट्रेलर कुणाच्या यूट्यूब चॅनेलवर टाकायचा हा पण तसाच प्रश्न. त्यांच्या चॅनेलवर लाखो लोक आहेत हे खरं, पण व्ह्यूज आणि पुढची कमाई पण तिथंच राहते, आणि पुढच्या पिक्चरला आपलं चॅनेल परत शून्यावर. ट्रेलर त्यांच्याकडं, टीझर आणि बाकी सगळं आमच्याकडं, असा मधला मार्ग निघतोय असं दिसतंय.

पैशाचे प्रकार साधारण असे. आउटराइट म्हणजे एक रक्कम घेतली आणि त्या भागाचा पिक्चर विकून मोकळं झालं. एमजी, मिनिमम गॅरंटी, म्हणजे डिस्ट्रिब्युटर आधी ठरलेली रक्कम देतो, परत मागत नाही, आणि त्याची रक्कम, खर्च, कमिशन निघाल्यावर वर जे येईल ते वाटून घ्यायचं, त्याला ओव्हरफ्लो म्हणतात. अॅडव्हान्स म्हणजे आधी देतो पण पिक्चर पडला तर परत मागतो, हा प्रकार एमजीसारखाच दिसतो म्हणून नीट वाचायचा. आणि कमिशन, म्हणजे तो नुसता थिएटर लावून देतो, आपला टक्का कापतो, बाकीची जोखीम सगळी निर्मात्याची. मोठा चेहरा नसलेल्या मराठी थ्रिलरला एमजी कुणी देईल ही आशा मी फार धरली नव्हती, बहुतेकांनी कमिशनच सांगितलं, आणि पब्लिसिटीचा खर्च, त्याला पी अँड ए म्हणतात, तो पण तुम्हीच घाला म्हणाले.

कमिशनचा हिशोब कसा असतो हे सोलापूरच्या माणसाला वेगळं शिकवायला नको. 2023 च्या फेब्रुवारीत आपल्याच बाजार समितीत बार्शी तालुक्यातल्या शेतकऱ्यानं 512 किलो कांदा आणला, किलोला रुपया भाव लागला, हमाली, तोलाई, गाडीभाडं सगळं कापून पट्टीवर उरले 2 रुपये 49 पैसे आणि चेक मिळाला 2 रुपयांचा. देशभर बातमी झाली होती. पिक्चरची पट्टी पण अशीच असते, फक्त कापायच्या रकान्यांची नावं इंग्रजीत.

उदाहरण म्हणून मांडून बघा. तिकीट 150 चं. त्यातच 18 टक्के जीएसटी, तो काढला की उरतात 127. (शंभरच्या आतल्या तिकिटाला आता 5 टक्के आहे, 2025 च्या सप्टेंबरपासून, पण मल्टिप्लेक्समध्ये शनिवारी शंभरच्या आत काय मिळतंय ते बघा.) या 127 मधले निम्मे थिएटरचे. 2009 ला हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाल्यांचं भांडण होऊन पिक्चर बंद पडले होते, ते मिटताना पहिल्या आठवड्याला 50 टक्के, दुसऱ्याला साडेबेचाळीस, तिसऱ्याला साडेसदतीस, पुढं 30, असा वाटा ठरला, बोलणी अजून त्याच्याच आसपास सुरू होतात. म्हणजे आपल्याकडं आले साडेत्रेसष्ट. त्यातनं डिस्ट्रिब्युटरचं कमिशन समजा 15 टक्के, राहिले 54. आता पी अँड एला समजा 40 लाख घातलेत, तर 74 हजार तिकिटं विकली जाईपर्यंत नुसता तो खर्चच निघतोय. पिक्चर बनवायला लागलेले पैसे अजून हिशोबात आलेच नाहीत. हे मी व्हाइटबोर्डवर लिहिलं तेव्हा दीर गप्प बसला, आणि कॅमेरावाला म्हणाला, वहिनी, पुसा ते.

म्हणून माझी पहिली चौकशी असते की कापाकापीचा क्रम काय. कमिशन खर्चाच्या आधी का नंतर. यूएफओ, क्यूब या थिएटरला डिजिटल यंत्रणा पुरवणाऱ्या कंपन्यांना जी व्हीपीएफ नावाची फी जाते, दर स्क्रीनमागं, ती कुणाच्या खात्यात. त्यांच्या ऑफिसचा 'ओव्हरहेड' म्हणून काही रकाना आहे का, असला तर त्याला मर्यादा काय. पी अँड ए त्यांनी घातला तर त्यावर व्याज लावणार का, आणि आमच्या लेखी परवानगीशिवाय तो वाढणार नाही हे लिहून देणार का. रोजच्या कलेक्शनचा रिपोर्ट, डीसीआर, थिएटरकडनं त्यांना येतो तेव्हा त्याच मेलमध्ये आम्हाला पण ठेवणार का. एका ठिकाणी हा शेवटचा प्रश्न विचारल्यावर समोरचे गृहस्थ म्हणाले, मॅडम विश्वास ठेवावा लागतो या लाइनमध्ये. म्हटलं ठेवते ना, मेलमध्ये नाव पण ठेवा. तिथलं बोलणं पुढं गेलं नाही.

डीसीपीची किल्ली पण अशीच. फाइल लॉक असते, प्रत्येक थिएटरला ठरावीक तारखांची केडीएम, म्हणजे ती डिजिटल किल्ली, पाठवली की मगच चालते. ती लॅबकडनं कुणाच्या सांगण्यावरनं सुटणार हे करारात लिहावं. आमच्या मसुद्यात मी दोघांची मंजुरी टाकलीय. जी वस्तू कुलपात आहे तिची एक चावी आपल्याकडं असावी, एवढं साधं आहे हे.

मग सर्किट. हा भाग मला लई आवडला कारण यात इतिहास आहे. पिक्चरच्या धंद्यात देशाचे जे तुकडे पाडलेत ते इंग्रजांच्या आणि संस्थानांच्या काळातले. सोलापूर मुंबई इलाख्यात होतं म्हणून आपण मुंबई सर्किटमध्ये. आणि इथनं 45 किलोमीटरवर तुळजापूर, ते हैदराबाद संस्थानात होतं, म्हणून मराठवाडा जुन्या हिशोबानं निजाम सर्किटमध्ये. विदर्भ आणखी तिसरीकडं, सीपी बेरारमध्ये, म्हणजे जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडात. 1948 ला निजाम गेला, 1960 ला महाराष्ट्र झाला, पण डिस्ट्रिब्युटरच्या वहीत सीमा तीच. त्यामुळं करारात नुसतं 'महाराष्ट्र' किंवा नुसतं 'मुंबई सर्किट' लिहून भागत नाही, जिल्ह्यांची नावं लिहून घ्यायची. नाहीतर सोलापूरला एकाकडं, धाराशिवला दुसऱ्या सब-डिस्ट्रिब्युटरकडं, आणि मधल्या गावातल्या थिएटरचा शेअर कुणी पाठवायचा यावर दोघं एकमेकांकडं बोट दाखवणार. विजयपूर, कलबुर्गी, बेळगावचं पण बोलून ठेवलंय. तिकडं मराठी पिक्चर बघणारी माणसं आहेत.

आता जो मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो. थिएटरचे हक्क द्यायला बसलं की कराराच्या छापील नमुन्यात बहुतेक वेळा 'सर्व हक्क, सर्व माध्यमं, कायमस्वरूपी' असलं काहीतरी लिहिलेलं असतं, आणि आपण आनंदात सही करतो, पिक्चर लागतोय म्हणून. थ्रिलरच्या बाबतीत हे फार महागात जातं. विनोदी पिक्चर किंवा तमाशाचा पिक्चर दुसऱ्या भाषेत नेणं अवघड, त्यातली गंमतच भाषेची असते. पण खून कुणी केला हे कुतूहल तमिळ माणसाला पण आहे आणि बंगाल्याला पण. थ्रिलरचे रीमेकचे आणि डबिंगचे हक्क म्हणजे घरातलं सोनं आहे, तिकिटांच्या 54 रुपयांपेक्षा त्यात कधी जास्त येतील सांगता येत नाही. म्हणून थिएटर वेगळं, सॅटेलाइट म्हणजे टीव्ही वेगळं, ओटीटी वेगळं, डबिंग वेगळं, रीमेक वेगळं, प्रत्येकाला मुदत आणि प्रत्येकाला मुलूख. डिस्ट्रिब्युटर ओटीटीचा सौदा जमवून देणार असेल तर त्याला त्या सौद्यावर कमिशन द्यावं, हक्क देऊ नयेत.

कायदा इथं निर्मात्याच्या थोडा बाजूनं आहे, पण किती जणांना माहीत असतो कुणास ठाऊक. कॉपीराइट कायदा 1957, कलम 19. हक्क दिल्याच्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. मुलूख लिहिला नसेल तर भारतापुरताच धरतात. आणि ज्याला हक्क दिला त्यानं वर्षभरात तो वापरलाच नाही, तर वेगळं काही लिहिलेलं नसेल तर तो हक्क संपतो. म्हणूनच तर त्यांच्या छापील नमुन्यात 'कलम 19 चा फायदा घेणार नाही' अशा अर्थाचं एक वाक्य कुठंतरी मधे पेरलेलं असतं. ते वाक्य शोधा. आम्हाला ज्यांच्याकडनं मसुदे आले त्यात शोधलं, सापडलं, वकिलांकडनं काढायला लावलं. वकील मात्र सिनेमाचे करार बघणाराच घ्या, आमचे घरचे वकील जमिनीच्या कामात वाघ आहेत पण त्यांनी हा कागद बघून माझ्याकडंच दिला परत.

सेन्सॉरचं पण याच्याशी नातं आहे. आता यूए मध्ये तीन पायऱ्या झाल्यात, 7 प्लस, 13 प्लस, 16 प्लस, आणि वर ए. ए मिळालं तर टीव्हीवर तसाच दाखवता येत नाही, कापून परत सर्टिफिकेट घ्यावं लागतं, म्हणजे सॅटेलाइटवाला भाव पाडणार किंवा घेणारच नाही. आमच्यात एक खुनाचा सीन आहे, दिराला तो पूर्ण पाहिजे. मी त्याला सांगितलंय, एडिट तुझं, मी बोलणार नाही, पण 16 प्लसवाली एक आवृत्ती आत्ताच कापून ठेव, नंतर घाईत कुणी दुसरा कापण्यापेक्षा तू काप. ते त्याला पटलं. (पिक्चरमध्ये कुत्रं असेल तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते हे पण ध्यानात ठेवा. आमच्यात आहे. गल्लीतलं साधं कुत्रं, त्याची फाइल माझ्या फाइलीएवढी झालीय.)

मग डिस्ट्रिब्युटर निवडायचा कसा? मोठं नाव बघून घ्यावं असं मला वाटत नाही. मोठ्याकडं त्याच शुक्रवारी स्वतःचा हिंदी पिक्चर असतो, आणि मग मराठी थ्रिलरला मिळतो सकाळी दहाचा शो. सकाळी दहा वाजता पोहे खाऊन खुनी शोधायला कोण येणार ओ? सहा माणसं येतात, शो रद्द होतो, आणि सोमवारी सांगतात की तुमच्या पिक्चरला प्रतिसाद नाही. सरकारनं 2015 ला मराठी पिक्चरला प्राइम टाइम द्या म्हणून नियम काढला तेव्हा प्राइम टाइम म्हणजे दुपारी 12 ते रात्री 9 असं धरलं, म्हणजे दुपारी साडेबाराचा शो दिला तरी नियम पाळला. थ्रिलरला संध्याकाळ नाहीतर रात्र लागते. थोडे शो, पण अंधार पडल्यावरचे, एवढं जो डिस्ट्रिब्युटर आपणहून बोलला तो मला आवडला. त्यानं पिक्चर पूर्ण बघितला होता, शेवट पोस्टरवर कसा येऊ द्यायचा नाही यावर तो स्वतः बोलत होता, आणि गाणं का नाही असं एकदाही विचारलं नाही. आधीचे सगळे गाणं विचारत होते. फर्म लहान आहे, पश्चिम महाराष्ट्रातली थिएटरं त्याला तोंडपाठ आहेत, कुठल्या गावातल्या हॉलचा साउंड फुटका आहे हे सुद्धा सांगतो. थ्रिलरला साउंड फुटका असला की निम्मा पिक्चर गेला. कमिशन इतरांपेक्षा थोडं जास्त मागतोय, पण खर्चाचा क्रम, डीसीआरचा मेल, केडीएमची दुहेरी मंजुरी, सगळं मान्य आहे, आणि हक्क फक्त थिएटरचे, फक्त ठरावीक मुदतीचे. माझा कल तिकडं आहे. दिराला मुंबईचं ते मोठं नाव पाहिजे, त्यांच्या लोगोच्या मागं आपला लोगो आला तर वजन पडेल म्हणतो. वजन पडेल रे, पण शो कुठाय?

तारखेवर अजून एकमत नाही. दिराला जानेवारी पाहिजे, संक्रांतीला, गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत. होम मैदानावर सगळं सोलापूर लोटलेलं असतं, गर्दी आयती आहे म्हणतो. मला उलट वाटतं. गड्ड्याला आलेला माणूस पाळण्यात बसतो, भेळ खातो, घरी जातो, तो थिएटरात येत नाही. आणि संक्रांत म्हणजे तेलुगू पिक्चरचा सगळ्यात मोठा हंगाम, इथं सोलापुरात आपली निम्मी मित्रमंडळी तिकडंच तिकीट काढणार, स्क्रीन आपल्याला मिळणार कुठनं. माझं मत पावसाळ्याचं आहे, आषाढी झाली की श्रावणाच्या आगेमागे, गणपतीच्या आधी. डिस्ट्रिब्युटर पण तेच म्हणायलाय. दिराला म्हटलं गड्ड्यात पोस्टर लाव पाहिजे तेवढी, धोट्याचा आवाज भोंग्यावर वाजव, टीझर दाखव. पिक्चर तेवढा लावू नको.